वन स्टार देण्याआधी: रहिवाशांच्या ऑनलाइन ग्रुपवर नापसंती कशी नोंदवावी

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या नव्या टॉवरमध्ये सामान उतरलं की पहिल्या आठवड्यातच माणसं लागतात. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणारा, गिझर जोडून देणारा, कामाला मावशी, दुपारचा डबा. नौपाड्यात किंवा चरईत ही नावं शेजारच्या काकूंकडून मिळायची आणि काकूंच्या शब्दाला वजन असायचं, कारण त्या वर्षानुवर्षं त्याच बिल्डिंगमध्ये राहत असायच्या. वाघबीळ, कासारवडवलीकडे तळमजल्यापासून तिसाव्या मजल्यापर्यंत सगळेच नवे. तिथे काकूंचं काम रहिवाशांच्या ऑनलाइन ग्रुपवर आलंय. कोणावर विश्वास ठेवायचा हे आता स्टार, लाइक आणि नावापुढचे गुण सांगतात.

ही व्यवस्था नापसंतीवाचून चालत नाही. सगळेच सगळ्यांना पाच स्टार देत असतील तर त्यातून निवड करता येत नाही. आणि होतं नेमकं तसंच. ईबे या ऑनलाइन बाजारात १९९६ साली खरेदी-विक्री करणाऱ्यांनी एकमेकांना अधिक, शून्य किंवा उणे गुण देण्याची सोय सुरू झाली. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी तिथल्या सुरुवातीच्या काळातले व्यवहार तपासले, तेव्हा खरेदीदारांनी दिलेल्या अभिप्रायांत उणे गुण एक टक्क्याहूनही कमी निघाले. प्रत्येक व्यवहार सुरळीत झाला म्हणून नव्हे. आपण उणे दिलं की समोरचाही उणे देईल, ही धास्ती त्यामागचं एक मोठं कारण होती. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा उणे गुण देण्याचा अधिकारच काढून घेतला.

आपल्याकडे ही धास्ती आणखी जवळची असते. ज्याला कमी स्टार द्यायचे तो इलेक्ट्रिशियन उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो. म्हणून बहुतेक लोक वाईट अनुभव गिळून टाकतात, आणि जे गिळत नाहीत ते एकदम भडका उडवतात. त्यामुळे ग्रुपवर गप्प बसलेले पुष्कळ आणि आरडाओरडा करणारे थोडे असं चित्र दिसतं. पुढच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

माझ्या मते वाईट रेटिंगकडे साक्ष म्हणून पाहावं. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं सांगायचं, तेवढंच सांगायचं, आणि परिस्थिती बदलली तर पुन्हा येऊन तेही सांगायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं यातूनच आलेलं आहे.

आधी बटण कोणतं ते ठरवा

नापसंतीची बटणं निरनिराळी असतात आणि त्यांची गल्लत झाली की गोंधळ होतो. कोणाच्या पोस्टला किंवा उत्तराला खाली ढकलणारा बाण, म्हणजे डाउनव्होट, हा त्या मजकुराबद्दल असतो. स्टार हे काम किंवा व्यवहाराबद्दल असतात. आणि रिपोर्ट हा नियमभंगाबद्दल, ॲडमिनसाठी असतो.

एक उदाहरण घ्या. ग्रुपवर कोणी विचारलं, बाथरूमच्या टाइल्सवरचे पांढरे डाग कसे काढू? एका सदस्याने उत्तर दिलं, ॲसिड आणि ब्लीच एकत्र करून ओता, दहा मिनिटांत साफ. हे उत्तर जीवघेणं आहे. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडची बाथरूम म्हणजे वर एक छोटी झडप असलेली बंद खोली. इथे डाउनव्होट ताबडतोब द्यायचा, खाली कारण लिहायचं, आणि ॲडमिनला सांगून ते उत्तर हटवायला लावायचं. पण लिहिणारा माणूस वाईट नाही. बहुधा त्याने कुठेतरी ऐकलेलं पुढे सांगितलं आहे. तेव्हा त्याच्या जुन्या पोस्ट शोधून त्यांनाही खाली ढकलायला जाऊ नका.

दुसरं उदाहरण: 'तुमचं वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असा महावितरणच्या नावाने फिरणारा मेसेज कोणी ग्रुपवर टाकला. हा डाउनव्होटचा विषय नाही. तो रिपोर्ट करायचा, ॲडमिनला वेगळा मेसेज टाकायचा, आणि कोणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगायचं. पहिल्या काही तासांत फोन झाला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि जिथे कोणतंच बटण लागत नाही अशाही पुष्कळ जागा असतात. मेट्रोच्या कामामुळे बदललेल्या वळणाबद्दल कोणी गेल्या वर्षी बरोबर माहिती दिली होती आणि आज ती जुनी झाली आहे, तर खाली नवी माहिती लिहा. कोणाचं मत तुम्हाला पटत नाही, तर पटत नाही असं लिहा. कोणी हिंदीत लिहिलं, कोणी शुद्धलेखन चुकवलं, कोणी तेच पुन्हा विचारलं, एवढ्यावरून त्याचे गुण कापणं मला साफ अमान्य आहे. गुण कापले जातात ते मजकूर चुकीचा, दिशाभूल करणारा किंवा निरुपयोगी असेल तेव्हा.

आपल्या एका बोटाचं वजन

पाचपाखाडीत घरून पुरणपोळ्या करून देणाऱ्या एखाद्या ताईंचा विचार करा. दहा जणांनी रेटिंग दिलंय, सगळे पाच. तुम्ही अकरावे, आणि तुम्ही एक स्टार दिला. सरासरी ४.६ वर आली. आता ही सरासरी पुन्हा ४.९ करायची तर त्यांना लागोपाठ २९ जणांकडून पाच स्टार मिळवावे लागतील. तोच एक स्टार दोनशे रेटिंग असलेल्या मोठ्या मिठाईवाल्याला दिलात तर त्याची सरासरी ४.९८ होईल आणि पडद्यावर काही फरकही दिसणार नाही. आपल्या रागाचं माप दोन्हीकडे सारखंच असतं, फटका मात्र छोट्याला बसतो. त्याच ताईंना तुम्ही तीन स्टार दिले असते तर सरासरी ४.८ झाली असती, आणि तक्रार तर तेवढीच पोचली असती.

अनोळखी माणसाचं पहिलं मत पुढच्यांना कसं ओढतं यावर २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना संशोधकांनी स्वतःहून सुरुवातीलाच एक पसंती देऊन टाकली. त्या प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. उलट, विनाकारण दिलेली पहिली नापसंती बाकीच्या लोकांनी येऊन भरून काढली. पण तिथे येणारे-जाणारे हजारो होते. सातशे सदस्यांच्या ग्रुपवर, ज्यातले पन्नासच जण बोलतात, भरून काढायला कोण येणार? म्हणून ज्याला अजून एकही रेटिंग नाही त्याला पहिलंच रेटिंग वाईट द्यायची वेळ आली, तर नेहमीपेक्षा जास्त खात्री करून घ्यावी.

काही ठिकाणी नापसंतीची किंमत देणाऱ्यालाही मोजावी लागते. प्रोग्रॅमरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर १२५ गुण होईपर्यंत डाउनव्होट देताच येत नाही. दुसऱ्याच्या उत्तराला डाउनव्होट दिला की त्याचे दोन गुण जातात आणि तुमचाही एक जातो. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. आपल्या ग्रुपवर तसा नियम नसला तरी स्वतःला विचारायला काय हरकत आहे की, माझा एक गुण कापला जाणार असता तरी मी हे बटण दाबलं असतं का?

पायरीपायरीने

पहिलं काम म्हणजे रात्र जाऊ देणं. नळ गळून फरशीवर तळं साचलेलं असताना लिहिलेलं रेटिंग हे नळापेक्षा आपल्या त्या दिवसाबद्दल जास्त असतं. हवं तर तेव्हाच सगळं लिहून काढा, पण नोट्समध्ये. फोटो काढून ठेवा, बिल आणि यूपीआयची पावती जपा, तारीख टिपा. सकाळी वाचा. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा फसवणूक चालू असेल तर मात्र थांबायचं नाही, याबद्दल पुढे सांगतो.

मग, हे तुमच्याच बाबतीत झालंय का ते बघा. बायकोच्या मैत्रिणीला आलेला अनुभव, ऑफिसमध्ये ऐकलेला किस्सा, 'आमच्या विंगमध्ये सगळे म्हणतात' या आधारावर स्टार देऊ नका. ज्याला अनुभव आला त्याला लिहायला सांगा. तो लिहायला तयार नसेल तर त्याची काही कारणं असतील आणि आपण ती ओलांडू नयेत.

त्यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: जे बिघडलं ते त्या माणसाच्या हातात होतं का? ठाण्यात हा प्रश्न रोज पडतो. गायमुख घाटात रस्त्याचं काम निघालं की घोडबंदर रोड मानपाड्यापर्यंत तुंबतो. कापूरबावडी नाक्यावर अर्धा तास उभं राहणं कोणाला नवीन नाही. अशा संध्याकाळी थंड झालेली बिर्याणी घेऊन आलेल्या मुलाला एक स्टार देणं म्हणजे रस्त्याची शिक्षा त्याला देणं. ॲपवर हॉटेल आणि पोचवणारा यांना वेगवेगळं रेटिंग देता येत असेल तर ते नीट वेगळं करा. येत नसेल तर मजकुरात वेगळं करा: 'जेवण चांगलं होतं, उशीर ट्रॅफिकमुळे झाला.' पण तोच मुलगा फोनवर अरेरावीने बोलला असेल किंवा पाकीट उघडं आणलं असेल तर ते त्याच्या हातातलं होतं, ते लिहायला हरकत नाही. पाणी बंद असल्याच्या दिवशी न आलेला प्लंबर आणि येतो सांगून तीन दिवस फोन न उचलणारा प्लंबर यांच्यात असाच फरक आहे.

आता त्या माणसाशी बोला. रेटिंग टाकण्याआधी, खासगीत, एकदा. व्हॉट्सॲपवर एवढं पुरतं: 'दादा, परवा गिझरच्या पाइपला जिथे जोड दिलात तिथूनच पुन्हा पाणी गळतंय. फोटो पाठवतोय. रविवारपर्यंत येऊन बघाल का?' यात आरोप नाही, धमकी नाही, आणि मुदत आहे. बहुतेक कारागीर येतात. आले आणि दुरुस्त करून दिलं, तर तुमच्याकडे लिहायला अधिक चांगली साक्ष आहे: एकदा गळालं, सांगितल्यावर आले, जास्तीचे पैसे मागितले नाहीत. मला विचाराल तर असा मजकूर नुसत्या पाच स्टारपेक्षा जास्त खात्रीचा असतो.

या बोलण्यात एक पथ्य कडक पाळायचं. 'पैसे कमी करा, नाहीतर वन स्टार देईन' असं कधीही म्हणायचं नाही. ज्या क्षणी रेटिंगवर सौदा सुरू झाला त्या क्षणी ती साक्ष उरली नाही. समोरून 'काढून टाका, पुढचा महिना डबा फुकट देतो' अशी गळ आली तरी तेच. पैसे परत घ्यायचे ते खराब कामाचे, रेटिंग काढण्याचे नव्हेत.

आधी बोलण्याचा नियम तीन ठिकाणी मोडायचा. जिवाला धोका असेल (उघडी वायर, गॅसच्या जोडणीत हलगर्जी, शिळ्या अन्नाने झालेली विषबाधा), फसवणूक असेल, किंवा बाईमाणसाशी गैरवर्तन झालं असेल. तिथे जिच्यावर बेतलं तिने त्याच माणसाशी पुन्हा संपर्क साधावा अशी अपेक्षा करणंच चूक आहे. ॲडमिनला कळवा, पोलिसांकडे जायचं असेल तर सोबत जा, आणि तिच्या परवानगीशिवाय तिच्याबद्दल एक ओळही ग्रुपवर टाकू नका.

स्टार किती द्यायचे? इथे आपली पद्धत विचित्र झाली आहे. चार स्टार म्हणजे खरं तर चांगलं, पण घरपोच सेवा देणाऱ्या बऱ्याच ॲपवर चारने त्या माणसाची सरासरी खाली येते, आणि सरासरी ठरावीक रेषेखाली गेली की त्याला कामं मिळायची कमी होतात. त्यामुळे त्या-त्या ठिकाणी काय रूढ आहे ते आधी पाहा. मी साधारण असं धरतो: काम झालं आणि त्रास झाला नाही तर पाच, काम झालं पण पुन्हा बोलवावं लागलं तर चार, निम्मं बरोबर निम्मं चूक तर तीन, काम झालंच नाही आणि दादही दिली नाही तर दोन. एक स्टार मी फसवणूक, धोका आणि गैरवर्तनासाठी राखून ठेवतो. प्रत्येक चिडचिडीला एकच स्टार दिला तर खरोखरच्या फसवणुकीसाठी आपल्याकडे काही शिल्लक राहत नाही.

लिहायचं काय

नुसता आकडा देऊन निघून जाऊ नका. आकड्याने समोरच्याला लागतं, पण काय सुधारायचं ते कळत नाही, आणि वाचणाऱ्याला काय टाळायचं ते कळत नाही. हा मजकूर पाहा:

'बकवास डबा. लुटारू लोक. कोणीही घेऊ नका!!!'

आणि हा:

'वर्तकनगरला मार्चभर दुपारचा डबा घेतला. पोळ्या मऊ, भाज्या घरच्यासारख्या, तेल कमी. शेवटच्या आठवड्यात तीनदा डबा दीडनंतर आला. ठरलेली वेळ साडेबाराची होती. एका दिवशी आलाच नाही आणि फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर त्या डब्याचे पैसे परत दिले. मधुमेहामुळे ज्यांना वेळेवर जेवावं लागतं त्यांनी आधी वेळेचं पक्कं करून घ्यावं. तीन स्टार.'

पहिला वाचून मला फक्त लिहिणारा चिडलाय एवढं कळतं. दुसरा वाचून दोन वेगळ्या घरांत दोन वेगळे निर्णय होतील. ज्याला दीड चालतो तो डबा लावेल, ज्याला चालत नाही तो लावणार नाही, आणि दोघांचाही निर्णय बरोबर असेल. डबेवाल्या ताईंनाही कळेल की गाडी अडली ती वेळेत, चवीत नव्हे.

दुसऱ्या मजकुरात काय काय आहे ते बघा. कुठे आणि कधी. ठरलं काय होतं. झालं काय. सांगितल्यावर त्यांनी काय केलं. आणि हे कोणाच्या कामाचं आहे, कोणाच्या नाही. चांगलं काही असेल तर तेही त्यात आलंय, आणि तो साखरेचा लेप नव्हे. पोळ्या मऊ होत्या हीसुद्धा माहितीच आहे.

शब्द निवडताना 'चोर', 'फ्रॉड', 'लुटारू' हे बाजूला ठेवा. 'अडीच हजार ठरले होते, काम झाल्यावर चार हजार मागितले' असं लिहिलं की वाचणारा काय समजायचं ते समजतो. माणसाचं गाव, जात, भाषा, धर्म यांचा उल्लेख कुठल्याही रूपात नको. 'हे लोक असेच' हे वाक्य आलं की बाकीचा मजकूर कितीही खरा असला तरी वाया गेला. चेहऱ्याचा फोटो, घरचा पत्ता, गाडीचा नंबर, खासगी संभाषणाचे स्क्रीनशॉट टाकू नका. गळणाऱ्या पाइपचा फोटो टाका.

ज्याला उत्तर देता येत नाही

या सगळ्यात एक बाजू अशी आहे जिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. बऱ्याच सोसायट्यांत गेटवर ॲप असतं आणि त्यात कामाच्या मावशींनाही स्टार देता येतात. वेळेवर येतात का, सुट्ट्या किती घेतात, स्वच्छता कशी. नवीन घर मिळायच्या आधी ताई-वहिनी तेच उघडून बघतात. मावशींच्या फोनवर मात्र ते ॲप नसतं. आपल्याला किती स्टार आहेत, कोणी दिले, का दिले, हे त्यांना कळायचा मार्ग नसतो. आझादनगर किंवा लोकमान्यनगरहून दोन गाड्या बदलून येणारी बाई तीन घरांतून नकार मिळाल्यावर फक्त एवढंच समजते की, आजकाल कामं मिळत नाहीत.

माझा आग्रह आहे की जिथे समोरच्याला स्वतःचं रेटिंग दिसत नाही किंवा त्यावर बोलता येत नाही, तिथे लेखी नापसंती देण्याआधी ती तोंडावर सांगितलीच पाहिजे. 'मावशी, या महिन्यात न सांगता चार दिवस आला नाहीत, मला ऑफिसला जायला उशीर झाला.' असं म्हटलं की बऱ्याचदा मुलाचं आजारपण किंवा रद्द झालेली बस समोर येते, आणि पुढच्या वेळी फोन करा एवढ्यावर मिटतं. मिटलं नाही तर द्या तीन स्टार, पण जे तोंडावर सांगितलं तेच लिहा, त्यापेक्षा जास्त नको. चोरीचा संशय हा तर रेटिंगचा विषयच नाही. खात्री असेल तर पोलीस ठाणं, नसेल तर गप्प. ग्रुपवर टाकलेल्या संशयाने एखादीचं अख्ख्या कॉम्प्लेक्समधलं काम बंद होतं आणि ती निर्दोष ठरली तरी ते परत मिळत नाही.

सगळे मिळून नको

'या दुकानाला सगळ्यांनी जाऊन वन स्टार द्या' असं आवाहन ग्रुपवर आलं की हात आवरा. भांडण पार्किंगचं असतं, कधी राजकारणाचं, कधी एका व्हिडिओचं, आणि तासाभरात जिथे कधी पाऊल ठेवलं नाही त्या दुकानाबद्दल चाळीस जण 'घाणेरडी सेवा' लिहून मोकळे होतात. यातली एकही साक्ष खरी नाही. गूगल मॅप्सच्या नियमांतही प्रत्यक्ष अनुभवाशिवाय लिहिलेले रिव्ह्यू बसत नाहीत आणि अशी लाट आली की ते काढले जाऊ शकतात. त्यात कधीकधी खरे ग्राहकही वाहून जातात. स्टॅक ओव्हरफ्लोवर एकाच सदस्याला लागोपाठ दिलेले डाउनव्होट यंत्रणा शोधून रद्द करते. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा लोकांना दाखवणं बंद केलं, तेव्हाही ठरवून केलेले डिसलाइकचे हल्ले हेच कारण दिलं होतं, आणि त्यात छोटे यूट्यूबर जास्त भरडले जात असल्याचं म्हटलं होतं.

झुंडीचा आणखी एक परिणाम आहे. २०१४ मध्ये जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी बातम्या-करमणुकीच्या चार संकेतस्थळांवरच्या प्रतिक्रियांचा अभ्यास केला. ज्यांच्या लिखाणाला भरपूर नापसंती मिळाली ते गप्प बसले नाहीत. ते पूर्वीपेक्षा जास्त लिहू लागले, आणखी वाईट लिहू लागले, आणि इतरांना जास्त नापसंती देऊ लागले. वात्रट सदस्याला सगळ्यांनी मिळून खाली दाबून तो सुधारेल, ही आशा यामुळे फोल ठरते. त्याला एका माणसाने, शक्यतो ओळखीच्या, फोन करणं जास्त उपयोगी.

कायद्यापुरतं

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यानंतर ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तरी अब्रुनुकसानीचा गुन्हा कायम आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो, आणि दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. लोकहितासाठी मांडलेलं सत्य हा त्यातला अपवाद. म्हणून बिलं, फोटो आणि मेसेज जपून ठेवायला सांगितलं. नोटीस आली तर घाबरून सगळं पुसून टाकण्याआधी वकिलाला दाखवा.

मोठी रक्कम अडकली असेल तर रेटिंगने ती परत येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा; मग ग्रुपवर लिहायचं ते लिहा.

टाकून झाल्यावर

रेटिंग टाकलं की काम संपत नाही. समोरच्याने उत्तर दिलं तर ते पूर्ण वाचा. त्यात तुमच्या लक्षात न आलेली गोष्ट असेल तर मजकूर दुरुस्त करा. त्याने उलट शिवीगाळ केली तर एकदाच, शांतपणे, तारखांसह उत्तर द्या आणि थांबा; पुढचं लोकांना दिसतंच. काम नंतर दुरुस्त करून मिळालं तर त्याच दिवशी जाऊन स्टार वाढवा आणि का वाढवले ते खाली लिहा. जुनी तक्रार पुसू नका, तिच्याखाली 'नंतर येऊन जोड बदलून दिला, आता गळत नाही' अशी भर घाला. फोनमध्ये महिन्याभराने आठवण लावून ठेवली तर हे होतं, नाहीतर कोणीच परत जात नाही आणि वर्षापूर्वीचा एक गळका नळ एखाद्याच्या नावाला कायमचा चिकटून राहतो.

ग्रुप चालवणाऱ्यांसाठी

ॲडमिन असाल तर काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. निदान पाच जणांची मतं आल्याशिवाय सरासरी दाखवू नका. खरेदी-विक्रीत दोघांनी एकमेकांना रेटिंग द्यायचं असेल तर दोघांची मतं एकाच वेळी उघडा. प्रवाशांना घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये हेच केलं: दोघांनी लिहून होईपर्यंत, किंवा १४ दिवसांची मुदत संपेपर्यंत, कोणालाच दुसऱ्याचं मत दिसत नाही, त्यामुळे सूड म्हणून लिहिता येत नाही. तीनपेक्षा कमी स्टार देताना कारणाचे दोन शब्द सक्तीचे करा. दोन वर्षांपूर्वीच्या रेटिंगचं वजन कमी करा. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलंय. अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत कसे आणि प्रसिद्ध कसे करावेत याची तत्त्वं त्यात आहेत. तुमच्या ग्रुपचे नियम लिहिताना ते समोर ठेवा.

आणि जे ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी एक सोय करा. मावशी, वॉचमन, इस्त्रीवाले, दूधवाले यांच्यापैकी कोणाला तीनपेक्षा कमी स्टार मिळाले, की ते रेटिंग ॲडमिनकडे थांबवून ठेवायचं. ॲडमिनने त्यांना फोन करायचा, लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवायचं, लिहिणाऱ्याचं नाव मात्र सांगायचं नाही, आणि ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत खाली टाइप करून मग दोन्ही एकत्र उघडायचं. फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचा.